पैलवानाची सुई

मांडीचं हाड मोडलं तेव्हा मी पस्तिशीची होते आणि अक्कल बारा वर्षांची. नवऱ्याच्या मोपेडवर मागे बसून बल्लारपूरचं रेल्वे फाटक ओलांडताना मांडीवरचं कोहळं घसरलं. मी कोहळं वाचवलं. त्याला ओरखडाही नाही.

नागपूरला ऑपरेशन होऊन हाडात सळई बसली. पाय वाळून बांबू झाला होता, म्हणून अंग भरून यायला डॉक्टरांनी सुई लिहून दिली: तीन आठवड्यांनी एक, अशा तीनच. गल्लीतल्या कंपाउंडरभाऊंनी चिठ्ठी वाचली.

"बाई, हे तं पैलवानाची सुई हाय!"

झालं, मी हवेत. भीमजयंती दोन महिन्यांवर होती. विहारात बायांच्या पुढे उभं राहून गाणं उचलायचा मान दरसाल माझा. यंदा मी अंथरुणात, म्हणून जाऊबाई रोज सकाळी नेमक्या माझ्या खिडकीखाली गळा साफ करत. मला पायावर उभं राहायचं होतं आणि गाणंही सोडायचं नव्हतं. तीन-तीन आठवडे कोण थांबतं?

"भाऊ, आता हप्त्याले एक द्या. डॉक्टरचा फोन आलता," मी ठोकून दिलं. आमच्या अख्ख्या गल्लीत फोन नव्हता. भाऊंनी तरी सुई टोचली.

मी नवऱ्याला दंडाची बेटकुळी दाखवू लागले. पाचव्या सुईनंतर घसा बसला. सर्दी असेल म्हणून काढे प्याले. एक दिवस पोस्टमन आला. मी आतूनच विचारलं, "कोन हाय?"

"भाऊ, बाई हायेत काय घरी? सही पायजे."

मी जरा विचार केला. "बाई झोपल्या हायेत," म्हटलं.

नवऱ्याने ते ऐकलं आणि मला उचलून थेट नागपूरला नेलं. सुयांचा आकडा ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. सुई बंद; तिच्यातल्या पुरुषी हार्मोननेच माझा आवाज फुटला होता. पाय व्यायामाने सुधारेल, म्हणाले. आवाज? "सांगता येत नाही, बाई." मी रडले. तेही असं, की नवरा म्हणाला, "हळू, लोकं म्हनतीन इथी बैल आनला."

महिनाभर मुकाट्याने पाय उचलायचे व्यायाम केले. जयंतीला काठी टेकत विहारात गेले. पेटीवाल्या भाऊंनी सवयीने माझी उंच पट्टी विचारली, "बाई, काळी पाच?"

"काळी एक द्या," मी पुरुषांची पट्टी मागितली.

जाऊबाई पुटपुटल्या, "काऊन वं, बायाईच्या रांगेत हा भाऊ कोन?"

मी गाणं उचललं. पहिल्या ओळीला पुरुषांच्या बाजूच्या माना वळल्या. दुसऱ्या ओळीला तेही गाऊ लागले. इतकी वर्षं माझी पट्टी त्यांना झेपतच नव्हती, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं! विहार असा घुमला, की जाऊबाईही माझ्या मागून गात होत्या. मान माझ्याकडेच राहिला.

आवाज काही परतला नाही. परवा नातीने फोन केला. "आबा, आजीले द्या ना."

मी म्हटलं, "आजी झोपली हाय."