ब्रेक बांधणाऱ्याची जागा

लढाईच्या आदल्या वर्षी माझी पोस्टिंग पूर्वेकडच्या एका डोंगरी रस्त्यावरच्या वर्कशॉपमध्ये झाली. मी क्राफ्ट्समन, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग हजेरीचं फॉल-इन, मग दिवसभर थ्री-टनर ट्रकच्या खाली पाठीवर. आमच्या हवालदारांचा एक नियम होता. ब्रेकचं काम झालं की पहिल्या उतारावर केबिनमध्ये तिघांनी बसायचं: ड्रायव्हर, ब्रेक बांधणारा मेकॅनिक आणि सामान देणारा स्टोअरमन. "फिट बोलो मत. बैठ के दिखाओ," ते म्हणत.

बहुतेक वेळा स्टिअरिंगवर लान्स नाईक दलजित असायचा. उतार सुरू झाला की तो मला विचारायचा, "मेकॅनिकसाब, घर चिट्ठी डाल दी?"

लढाईत माझ्या गुडघ्यात तोफगोळ्याचं स्प्लिंटर शिरलं. पंचविशीच्या आत मी घरी आलो, नागपूरला, आमच्या वस्तीत. लहानपणी वडील गिरणीतून येताना पत्रकं आणायचे, जेवणाआधी मोठ्यानं वाचायचे आणि विचारायचे, हे कोण म्हणतो, कशावरून? जे सांगितलं जातं ते तपासून घ्यायचं, हे मी तिथेच शिकलो. फौजेनं फक्त हातात पाना दिला.

लकडगंजातल्या एका लाकूड ठेकेदारानं, गुलाबरावांनी, मला काम दिलं. त्यांचा जुना ट्रक माझ्या अंगणात ओढत आणला. पत्रा बोटानं दाबला तरी भुगा व्हायचा. जंगलातून सागाचे लठ्ठे, जाडजूड ओंडके, आणायचे होते. वाटेत घाट होता. लठ्ठ्यांवर वस्तीतले हमाल बसणार होते आणि ट्रक शेजारचा सुदाम चालवणार होता.

माझ्याकडे चार पाने, हातोडा, छिन्नी आणि मागून आणलेला जॅक. ॲक्सलखाली रेल्वेचे जुने स्लीपर रचले. गंजलेल्या नटांवर रॉकेलची चिंधी बांधून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पान्याच्या दांड्याला नळाचा पाइप घालून जोर लावायचा. ब्रेकचे ड्रम विटकरीनं घासले.

सुदाम कुंपणाशी उभा राहून बघायचा. "काहून एवढं घासून राहिला गा? त्याले काय परेडले न्यायचं हाय?"

"तुले घाटात न्यायचं हाय," मी म्हणालो. त्यानंतर तो स्वतःच विटकर घेऊन बसला.

ब्रेकचे रबर गुलाबराव स्वतः घेऊन आले. खोकी कोरी होती. मी एक रबर बाहेर काढलं. नव्या रबराची कड तीक्ष्ण असते. ही गोल झाली होती. वरून चकाकत होती. अंगठा फिरवला तर काळा झाला. नाकाशी नेला. बूटपॉलिश. हा वास सैनिकाला शिकवावा लागत नाही.

"हे कुठून आणले?"

"दुकानातून. नवे हायेत. बसव अन् मोकळा हो."

"दुकान कोणतं?"

"तू काय पोलीस हायेस का? फौजी माणसाले सारेच दुश्मन दिसते."

मी वाद घातला नाही. कदाचित त्यांनाही दुकानदारानं फसवलं असेल. त्याचा पत्ता लावायचा एकच रस्ता मला ठाऊक होता. मी वर्कशॉपचा नियम सांगितला.

"मी हेच रबर बसवतो. ट्रकमध्ये दगड भरू. सेमिनरी हिल्सचा उतार उतरू. सुदाम चालवीन. मी बसतो, अन् रबर तुमी देल्लं, म्हणून तुमी बसा."

गुलाबरावांनी ट्रककडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "मले लकडगंजले काम हाय. तुमीच पाहून घ्या."

"गाडी इथंच राहीन मंग," मी म्हणालो.

"ट्रक माहा हाय."

"हमाल आमचे हायेत."

सुदाम विटकर खाली ठेवून उभा राहिला. "बसा ना ठेकेदार साहेब. नवे तर हायेत."

गुलाबरावांनी खोकी उचलली आणि निघून गेले. वस्तीतले लोक म्हणाले, गेलं काम. दोन दिवसांनी ते परत आले. दुसरं सामान होतं. या रबराची कड नखाला लागत होती. ते मी बसवलं.

उताराच्या माथ्यावर आम्ही तिघं केबिनमध्ये होतो. मागे दगड. गुलाबरावांनी दार घट्ट धरलं होतं. अर्ध्या उतारावर मी म्हणालो, "दाब." ट्रक सरळ रेषेत थांबला. गुलाबरावांनी दारावरचा हात सोडला. मग म्हणाले, "उद्यापासून गाडी कामावर नेतो."

खाली उतरल्यावर मी ड्रमला हात लावून पाहत बसलो. सुदामला वाटलं, अजून शंका आहे. शंका नव्हती, आठवण होती.

लढाईच्या दिवसांत पिछाडीच्या तळावरून एक ट्रक आला होता. दुरुस्ती बाहेर कुठेतरी झालेली. हवालदार म्हणाले, आधी उतारावर घेऊ. वरून हुकूम आला: गाडी फिट आहे, लोड करा. फिट कोणी म्हटलं, ते मी पुष्कळांना विचारलं. आजवर उत्तर मिळालेलं नाही. मी गाड्यांच्या कॉन्व्हॉयच्या शेवटी, बंद पडलेल्या गाड्या ओढणाऱ्या रिकव्हरी गाडीत होतो. वायरलेस सेटवर पुढच्या एस्कॉर्ट गाडीचा आवाज आला. "चार नंबर, ब्रेक फेल. रास्ता खाली करो." चार नंबर म्हणजे तोच ट्रक, स्टिअरिंगवर दलजित. रस्ता अरुंद होता. पुढच्या तीन गाड्यांत जवान होते. रिकामं करायला जागाच नव्हती. दलजितनं हॉर्न दाबून धरला, आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याआधी ट्रक दरीकडे वळवला.

आम्ही दोरांनी खाली उतरलो. केबिनमध्ये तो एकटाच होता. शेजारच्या दोन्ही जागा रिकाम्या होत्या.