गयाबाईंची रोपं

नवऱ्याला मी हे सांगितलं नाही. चाळीस वर्षं एका छताखाली काढली, त्यांना माझ्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या, ही एक सोडून. मुलीलाही नाही. तिला तर कसं सांगणार? आई म्हणजे काय, हे तिनं माझ्यावरून ठरवलेलं. तुम्ही ओळखीचे नाही, तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. जमेलच असं नाही. सुरुवात तरी करते.

परंड्याहून सोनारीकडं जाताना एक गाव लागतं. नाव सांगत नाही. तिथं मी शिक्षिका म्हणून गेले तेव्हा तेवीस वर्षांची होते. बहात्तरचा दुष्काळ चालू होता. गावाची विहीर तळाला गेलेली, टँकर यायचा तो कधी दिवसाआड, कधी चार दिवसांनी. गावातल्या एका बागायतदाराच्या घरात मला खोली मिळाली. घरमालकिणीला मी काकू म्हणायचे. काकू मायाळू होत्या, हे आधीच सांगून ठेवते. मी आजारी पडले तर कण्या करून आणायच्या. खोली देताना त्यांनी एकच अट घातली. म्हणाल्या, "मागं आमचा हौद हाय. परसात कुणालाबी येऊ देऊ नका. समजून घ्या, बाई."

मी समजून घेतलं. कुणाला म्हणजे कुणाला, हे विचारावं लागलं नाही. मी काकूंच्याच जातीची. अशा गोष्टी आम्हाला सांगाव्या लागत नसत.

गयाबाईंची मुलगी शांता माझ्या वर्गात, दुसरीत. बौद्ध वस्तीतून येणाऱ्या तीन मुलींपैकी एक. गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या. पस्तिशीच्या असतील. एकदा त्या शाळेच्या कुंपणाशी आल्या, डोक्यावर पोतं. पोत्यात पाच नारळ होते, पण साल न काढलेले. आम्ही नारळ बघितलेला तो देवापुढचा, शेंडीचा. हे हिरवट-तपकिरी, बाळाच्या डोक्याएवढे. त्यांचा भाऊ मालवणकडं नोकरीला होता, त्याच्याकडून त्यांनी ते एसटीनं आणले होते. एक माझ्या हातात दिला. "कानाशी धरून हलवा. पाणी वाजतंय का? वाजलं म्हंजी जित्ता हाय."

पाणी वाजत होतं.

त्यांच्या घरापुढं टीचभरही सावली नव्हती, ओल तर नव्हतीच. आणि माझ्या खोलीमागं मोरीचं पाणी परसात जायचं, तिथं जरा गारवा होता. "बाई, तुमच्या मोरीपाशी ठिवू का? तुमचं सांडपाणी बी वाया जाणार न्हाय." मी हो म्हणाले. काकूंची अट मला आठवत होती. तरी हो म्हणाले. कारण त्या वयात आपण फार सुधारलेले आहोत असं मला वाटायचं.

दुपारी काकू झोपायच्या. गयाबाई नेमक्या त्याच वेळी परसदारानं येऊ लागल्या. वेळ मी सांगितली नव्हती. त्यांनीच ओळखली. आणि त्यांनी ती ओळखावी याचं मला बरं वाटलं — ही माझी सुधारणा.

त्यांनी माती भुसभुशीत केली, वाळू मिसळली, वाळवी लागू नये म्हणून राख टाकली. मी नारळ उभा ठेवायला गेले तर हसल्या. "उभा न्हाय. आडवा. लेकराला कुशीवर निजवल्यागत. निम्मा मातीत, निम्मा वर." वर पाचट आणि ओलं पोतं. रोज यायच्या, पोतं उचलून बघायच्या, पुन्हा झाकायच्या. मोरीचं पाणी कमी पडलं तर पदराआड तांब्या आणायच्या. ते पाणी टँकरचं. टँकर वस्तीवर शेवटी जायचा, तळाचा गाळ घेऊन. त्यातल्या आपल्या घागरीतून त्या तांब्याभर आणत होत्या. मी एकदा म्हणाले, गयाबाई, तुम्हालाच प्यायला नाही. त्या म्हणाल्या, "आमाला सवय हाय. ह्येला न्हाय."

परसात मी त्यांना 'तुम्ही' म्हणायचे. हे लक्षात ठेवा.

चार महिने काहीच नाही. मग पाऊस झाला आणि पोळ्याच्या सुमारास एका नारळाच्या डोक्यातून पांढरं टोक आलं, हत्तीच्या सुळ्यासारखं. गयाबाई खाली बसल्या, बोट लावलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. पाचांतले तीन उगवले. दोन कुजले, ते त्यांनी काढून नेले. तीन रोपांचं त्यांनी ठरवलंही होतं. एक स्वतःच्या दारात. एक वस्तीत विहार बांधायचा होता, त्याच्यापुढं. आणि तिसरं — "तिसरं तुमचं, बाई. तुमची जागा हाय."

वर्ष गेलं. रोपं गुडघ्याच्या वर आली, पानं अजून न फाटलेली, रुंद, चकचकीत. गावात दूध सोसायटीची नवी इमारत झाली. दुष्काळानंतर त्या सोसायटीनं गावाला उभं केलं होतं, सगळ्यांना तिचा अभिमान. उद्घाटनाला मुलींकडून स्वागतगीत बसवून घ्या म्हणायला चेअरमन माझ्याकडं आले. काकू चहा घेऊन आल्या. मागचं दार उघडं होतं. चेअरमनना रोपं दिसली.

ते उठून परसात गेले. वाकून बघितलं. आपल्या भागात नारळ? बियापासून? "बाई, ही तुम्ही केली?"

काकू दारात उभ्या होत्या. मी खरं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न काकूंचा आला असता — ती इथं, हौदापाशी, वर्षभर? मी म्हणाले, "हो."

एवढं एकच अक्षर. तुम्ही म्हणाल, माणूस घाबरतं, होतं असं. थांबा. हे ते नाही. ज्यासाठी मी लिहायला बसले ते अजून आलेलं नाही.

एक रोप सोसायटीच्या अंगणाला, एक देवळापुढं, असं चेअरमननी तिथंच ठरवून टाकलं. मी नाही कशी म्हणणार होते? माझीच होती ना. गयाबाई त्या आठवड्यात बाहेरगावी कामाला होत्या. आल्या त्या उद्घाटनाच्या दिवशीच.

तालुक्याचे पाहुणे आले. खड्डे खणलेले, रोपं मांडलेली. मला शाल दिली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बोलले. नारळ कानाशी धरून कसा हलवायचा, राख का टाकायची. "उभा नाही लावायचा, लेकराला कुशीवर निजवल्यासारखा," असं मी म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. गयाबाई मागं, भिंतीशी, बायांबरोबर उभ्या होत्या. मला त्या स्पष्ट दिसत होत्या. माझ्या प्रत्येक वाक्याला त्या मान हलवत होत्या — बरोबर, बरोबर. शेवटी नाव येईल, असं त्यांना वाटलं असेल का? मी शेवटी चेअरमनचे आभार मानले.

चार दिवसांनी दुपारी काकूंचा आवाज चढलेला ऐकला. मी परसात गेले. गयाबाई परसदाराशी उभ्या, हातात तिसरं रोप, दोन वाटून झाल्यावर उरलेलं एकच, मुळांना ओल्या पोत्यात गुंडाळलेलं. काकूंना त्या दिवशी झोप लागली नव्हती. आजूबाजूच्या पाच बाया गोळा झाल्या.

"बघा, बाई! तुमचं रोप घिऊन चालली व्हती. हौदापासनं आली ही, हौदापासनं!"

गयाबाईंनी माझ्याकडं बघितलं. आवाजात भीती नव्हती, उलट मी आल्यावर सुटल्यासारखं वाटलं त्यांना. म्हणाल्या, "बाई, सांगा की."

काय अवघड होतं? रोप त्यांचं आहे. चार शब्दसुद्धा लागत नाहीत. फार तर खोली गेली असती. गावात दुसरी मिळाली असती, नाहीतर मी परंड्याहून येजा केली असती, करतातच की लोक.

मी हसले. हो, हसले. आणि म्हणाले, "असू द्या हो काकू. गरीब आहे. नेऊ दे तिला. मी दिलं असं समजा." मग गयाबाईंकडं वळून — "जा गं, ने तू."

'तू' म्हणाले.

हे ते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या चोर आहेत असं मी म्हणाले नाही, म्हणून मला कुणी खोटारडी म्हणू शकलं नाही. मी त्यांना माफ केलं. त्यांचंच रोप त्यांना दान दिलं, पाच बायांसमोर. माफ केलं म्हणजे चोरी झालीच होती, हे त्या पाचही जणींना कळलं. मलाही कळलं होतं — तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आधी कळलं होतं.

गयाबाईंनी रोप आपटलं नाही. खाली वाकून अलगद जमिनीवर ठेवलं, पान मोडू नये असं. पोतंही तसंच राहू दिलं. आणि गेल्या. एक बाई म्हणाली, "आमच्या बाईंचं मन लई मोठं."

त्या संध्याकाळी काकूंनी हौद उपसला, पाणी बाटलं म्हणून. दुष्काळ काढलेलं गाव ते; एकेका कळशीसाठी भांडलेल्या बाया. पाणी मातीत सोडलं. मी बादल्या ओढायला मदत केली. ते रोप त्यांनी उकिरड्यावर टाकलं. त्याच हातांनी वाढवलेलं दुसरं देवळापुढं उभं होतं, बाया त्याला हळद-कुंकू लावत होत्या.

पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिले — खरं सांगितलं असतं तर लोकांनी ती दोन झाडंही उपटली असती, मी निदान झाडं वाचवली. ऐकायला बरं वाटतं. पण मी झाडांचा विचार केलाच नव्हता. खोलीचासुद्धा नाही, खरं म्हणजे. शालीचा केला होता.

शांता दुसऱ्या दिवशी शाळेत आली. हजेरीत तिचं नाव घेतलं, ती "हजर" म्हणाली, रोजच्यासारखीच. फक्त "बाई" म्हणाली नाही. वर्ष संपल्यावर तिला मामाकडं शिकायला पाठवलं.

मी त्या गावात आणखी नऊ वर्षं होते. नऊ वर्षं! एका दिवसाचं काम होतं. गयाबाई रस्त्यात भेटायच्या, बाजूला व्हायच्या, मी मान खाली घालून जायचे. देवळापुढचं झाड भुंग्यानं खाल्लं. सोसायटीचं वाढलं. एके वर्षी त्याला पहिले नारळ आले, आणि चेअरमननी त्यातले दोन माझ्याकडं मानानं पाठवले. मला ते घरात ठेवून घेववेनात. पिशवीत घातले आणि वस्तीत गेले. त्या वस्तीतली माझी ती पहिलीच खेप — हेही लिहायला हवं.

गयाबाईंनी खाट टाकली. तांब्याभर पाणी दिलं, मी प्याले. त्यांचे केस पांढरे झाले होते. मी नारळ पुढं ठेवले. त्यांनी एक उचलला, कानाशी नेऊन हलवला, खाली ठेवला. मी सगळं जुळवून गेले होते, पहिलं वाक्य तर पाठ होतं. तोंडातून आलं ते, "सहज आले होते."

त्यांनी दुसरा नारळ उचलून त्याचं देठ बघितलं. मग म्हणाल्या, "बाई, त्या झाडाची खालची पानं पिवळी पडाय लागल्यात. मीठ घालाय सांगा त्यास्नी. बुडापासनं हातभर लांब, चरात. आमी सांगून कोण ऐकणार?"

त्या उद्घाटनानंतर सोसायटीच्या अंगणात त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. रस्त्यावरून जाता-येता बघत होत्या. इतकी वर्षं.

मी उठले. नारळ तिथंच ठेवले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात होते. सोसायटीत जाऊन मी चेअरमनना मिठाचं सांगितलं. त्यांनी लगेच माणसाला हाक मारली, चर खणायला लावला आणि तिथं बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "बघा, बाईंना झाड लांबून बघून कळतं!"

लोक माझ्याकडं कौतुकानं बघत होते. गयाबाई तेव्हा जिवंत होत्या, हाकेच्या अंतरावर होत्या. मी म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं." आणि चहा घेतला.