एकदाणीचे मणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोच्या एकदाणीचे मणी बँकेच्या लॉकरमध्ये नाहीत. मोठ्या टीव्हीच्या हौसेपायी मी ते मोडले, आणि तिला मात्र लॉकरच सांगत आलो.

आज सराफाकडे कुणाचीतरी बांगडी आटवताना पाहिली. मुशीत ती लाल झाली, मग आकार गेला आणि लखलखीत थेंब उरला. शाळेत मी हेच शिकवतो. दागिना मोडला तरी सोन्याचे अणू सोन्याचेच राहतात. याच वाक्यावर मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. मणी असतीलच की, कुणाच्या तरी नथीत!

पण बचतीचा सगळ्यांत लहान कण सोन्याचा नसतोच. तो मारलेल्या मनाचा असतो. हातात घेऊन परत ठेवलेली साडी, रिक्षा सोडून उन्हातून चालत आणलेली भाजी, अशातून ती गुरुपुष्याला एखादा मणी घ्यायची. हे कण आटले की कुठल्याच थेंबात उरत नाहीत.

काल ती म्हणाली, "अहो, आणा की आता ते मणी. ओवून घालते एकदा. का कवळीबरोबर घालू?"

मी हसलो. आज हसून वेळ मारून नेणार नाही. घरी गेल्या गेल्या, चपला काढायच्या आधी सांगणार आहे. मणी पगारातून एकेक करून घेईन, ते जमेल. पण ज्या वर्षांत तिनं एकदाणी घालून मिरवायचं होतं, ती वर्षं मी तिला देणं लागतो.