चेस्टनट उपासाला चालतात का?

उपासाला काय चालतं आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार माणसाला कोण देतं, मला माहीत नाही. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला लागून बेस्ट नावाचं गाव आहे, तिथे आम्ही राहतो. इथल्या मराठी मंडळात हा अधिकार एका गृहस्थांनी स्वतःच स्वतःला बहाल केला होता. मंडळाचे सल्लागार म्हणे. दिवसभर चिप बनवणाऱ्या यंत्रांवर काम आणि संध्याकाळी धर्मशास्त्र. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहतो असं सांगत फिरायचे, ऑफिसात मात्र बूट, कारण 'सेफ्टी'. स्टेशनाबाहेरच्या गाडीवरचे फ्राइज उपासाला चालतात, हा निकालही त्यांचाच. बटाटाच तो, फक्त मेयोनेझ नको, त्यात अंडं असतं. त्याच तेलातून आधी काय काय तळून निघालं, हे विचारायचं नाही.

बाबा गेल्यावर त्या वर्षी मी आईला पहिल्यांदाच इकडे घेऊन आले. ती जेवत नव्हती. पानावर बसायची, वरणभात चिवडायची आणि उठायची. ब्लाउज खांद्यांवरून घसरायला लागले होते. आणि प्रत्येक गोष्ट विचारून. दही घेऊ का ग? खिडकी लावू का? आयुष्यभर बाबांना विचारत आली, आता विचारायला मी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, पोरं चळाचळा कापायची तिच्यापुढे, आणि इथे माझ्या घरात केळं खाण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची. मला ते बघवत नव्हतं. तिने एक घास तरी आपणहून, चवीने खावा, एवढंच मला हवं होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला शेजारच्या डच बाईंनी रानातून वेचलेल्या चेस्टनटची पिशवी आणून दिली. हे खायचेच आहेत, तसेच दिसणारे दुसरे कडू आणि विषारी असतात, असं दोनदा बजावलं. मी आपली शेंगदाणे भाजावेत तसे ते थाळीत पसरून ओव्हनमध्ये ढकलले. कवचाला चीर द्यायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही. थोड्या वेळाने आत लवंगी फटाक्यांची माळ लागली. दार उघडलं तर सगळ्या ओव्हनला पिवळा भुगा चिकटलेला. मागे वळून बघते तो आई पदर तोंडाला लावून हसत होती. बाबांनंतर पहिल्यांदा.

दुसरा घाणा तिने केला. एकेकाला सुरीने चीर देऊन, लोखंडी तव्यावर, वर झाकण, मधून मधून तवा हलवत. कवचं उलून मागे वळली, घरभर गोडसर करपट वास सुटला. गरम असतानाच सोलायचे, नाहीतर आतलं तुसाचं साल निघत नाही. बोटं पोळत होती तरी ती सोलत होती आणि खात होती. "अग, थेट रताळं," ती म्हणाली, आणि आणखी एक घेतला. मी ओव्हन घासत होते, मला काही त्रास वाटला नाही.

मग घट बसले आणि सगळं मुसळ केरात गेलं. आईचे नऊ दिवसांचे उपास. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "हे उपासाला चालेल का ग?" मी म्हटलं, न चालायला काय झालं, झाडाचं फळ आहे. पण माझा शब्द तिला पुरेना. संध्याकाळी मंडळाच्या आरतीला गेलो, तिथे तिने सल्लागारांना गाठलं.

त्यांनी डोळे मिटून विचार केला. विचार करताना डोळे मिटणाऱ्या माणसांचा मला मुळातच तिटकारा आहे.

"काकू, युरोपात याचं पीठ करतात. त्याचा ब्रेडसुद्धा करतात. म्हणजे टेक्निकली हे धान्यच झालं."

"मग शिंगाड्याचं पीठ? राजगिऱ्याचं?" मी म्हटलं.

"ते आपलं आहे."

"साबुदाणा कुठे आपला आहे? बटाटा, मिरची, शेंगदाणा? सगळं बाहेरून आलेलं आहे."

"ते आता आपलं झालंय," ते शांतपणे म्हणाले. "काकू, डाउट असेल तिथे अवॉइड करायचं. सिंपल रूल."

आईने मान डोलावली. स्वतः इथे राहायच्या परमिटवर आलेला माणूस, दर वेळी त्याचं नवीन कार्ड आलं की पेढे वाटणारा, आणि चेस्टनटला मात्र इथे कायमचा परका ठरवून मोकळा झाला. घरी आल्यावर आईने पिशवी फ्रिजच्या तळाला ठेवली. मग रोज कपभर दूध आणि अर्धं केळं. साबुदाणा घशाखाली उतरत नाही म्हणायची. मी भांडले, रडलेसुद्धा. त्या माणसाच्या नावाने बोटं मोडली. त्याचा तिच्यावर काहीच परिणाम झाला नाही.

अष्टमीच्या आदल्या दिवशी मंडळाचा भोंडला होता. दुपारी ऑफिसातून आले तर तवा गॅसवर आणि ओट्यावर कवचांचा ढीग. "खिरापत न्यायला नको का?" आई म्हणाली. पोरींसाठी करतेय, असं मी समजले. सोललेले चेस्टनट तिने किसले, तुपात जिरं आणि मिरची टाकली, दाण्याचं कूट, ओलं खोबरं. मोहरी-हळदीचा डबा उघडलाही नाही.

हॉलमध्ये पाटावर हत्ती मांडला होता. गाणी झाली, मग खिरापत ओळखायची वेळ आली. आईने बंद डबा वाजवून दाखवला. पोरी इंग्लिश आणि डचमध्ये ओरडायला लागल्या, पॉपकॉर्न, पॅनकेक. सल्लागार हसत पुढे आले, पायात जाड लोकरी मोजे.

"रताळ्याचा कीस!"

"नाही," आई म्हणाली.

"काय काकू, थट्टा करता! तूप-जिऱ्याचा वास लपतो होय? उपासवाल्याला एवढंच तर मिळतं." आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी झाकण काढून वाटी भरून घेतली. खाल्ली. पुन्हा भरून घेतली. बायकोला हाक मारून म्हणाले, "बघ, असा मोकळा व्हायला हवा कीस."

माझ्या अंगात आनंद मावेना. हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं. शाळेतल्या पोरांचं धरायची तसं, घट्ट.

"गप्प बस. सांगितलंस तर बिचाऱ्याचा उपास मोडेल."

"आणि तुझा?"

"माझा कशाला मोडेल? मला चालतं," ती म्हणाली, आणि डब्यात उरलेलं सगळं स्वतःच्या वाटीत काढून घेतलं.