नानांच्या सासूबाईंचा डबा

“नैवेद्याचा भात होता तेवढाच आहे. मग देव जेवला कशावरून?”

“तुम्ही तो अणू पाहिलाय का डोळ्यांनी?”

“पुस्तकात आहे!”

“मग माझंही पोथीत आहे. बसा जेवायला.”

हे भांडण फार जुनं. इंदूरच्या राजेंद्र नगरात वरच्या मजल्यावर नाना आणि त्यांची बायको अंबिका, खाली मी. कानाला झाकण नसतं, म्हणून ऐकलं. नाना महूच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. मन म्हणजे मेंदूतली वीज, देव म्हणजे मनाची समजूत, बाकी सगळं थोतांड. मी चौथी शिकलेली. मला वाटायचं, एवढी वीज डोक्यात, मग बिल कसं येत नाही?

म्हातारपणी अंबिकेला विसर पडू लागला. नवरा आठवे, आई वारल्याचं आठवेना. आई तिकडे माहेरी, जुनी इंदूरला उपाशी बसलीय, तिला डबा पोचल्याशिवाय आपण घास घेणार नाही, म्हणून हटून बसली. नानांनी विज्ञान सांगितलं, “अगं, त्या कधीच गेल्या!” झालं! तिला ते ताजंच कळलं. दिवसभर रडली, जेवली नाही. सकाळी विसरली, पुन्हा डबा. नानांनी पुन्हा खरं सांगितलं, पुन्हा घरात सुतक. बाई वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं नाही तर कठीण आहे.

मुलगा उन्मेष बेंगळुरूहून फोनवर म्हणाला, “बाबा, झूठ नका बोलू. आईला रियालिटीत आणा.” तिकडे बसून रियालिटी पाठवायला काय लागतं!

शेवटी नाना डबा घेऊन निघाले. कुठवर? माझ्या ओट्यापर्यंत. “वहिनी, बसतो जरा,” म्हणाले आणि सासूबाईंच्या वाटची पोळीभाजी स्वतःच खाल्ली. डबा घासून वर गेले.

“पोचवला. आई मजेत आहेत.”

“खोटं!” अंबिका कडाडली. “माझी आई डबा रिकामा परत पाठवेल? तुम्ही गेलाच नाहीत.”

आमच्यात दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. जन्मभर लोकांकडे पुरावा मागणारा माणूस, आपल्या वेळी पुरावाच विसरला!

दुसऱ्या दिवशी मी डब्यात शेव घालून दिली. अंबिकेने चाखली. मी खाली जीव मुठीत धरून उभी.

“बाजारची आहे,” ती म्हणाली. “आई थकली हो आता.” आणि जेवली.

मग काय, नाना रोज सासुरवाडीला. निरोपही आणायला लागले. मी एकदा टोचलं, “काय नाना, सासूबाई जेवल्या कशावरून?”

“वर ती जेवतेय ना? मग गप बसा वहिनी, लोणचं द्या.”

नाना फाल्गुनात गेले, दुपारच्या झोपेतच. त्या सकाळी अंगात ताप होता. मी म्हटलं, आज डबा मी खाते, तुम्ही पडा.

“वा! सासू माझी आणि जेवणार तुम्ही?” म्हणून ओट्यावर बसले. अर्धी पोळी कशीबशी गिळली, उरलेली गाईला दिली. डबा घासला, शेव भरली, कठडा धरून वर गेले.

“अंबिका, आई विचारतायत, गुडघ्याला तेल लावतेस की नाही?”

“सांगा तिला, एवढी काळजी आहे तर स्वतः येऊन लाव.”

मग ताट मांडल्याचा आवाज आला.