टाकेबाईंच्या शिवणक्लासातली डोकेदुखी

घराच्या पुढच्या खोलीत त्या वीस वर्षं शिवणक्लास चालवत होत्या. एकही वाकडा टाका खपवून घेत नसत, म्हणून सगळ्या त्यांना टाकेबाई म्हणत.

थंडी वाढली तशी त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. वीज सारखी जायची, म्हणून इस्त्री कोळशाची आणि निखाऱ्यांची शेगडी मशीनशेजारीच. ऊबही मिळायची. पण तासाभरात कुणाचं डोकं ठणकायचं, कुणाला मळमळायचं. काजं-बटणं करता करता मुली पेंगायच्या.

"फोन बघत जागता आणि इथे डुलक्या काढता!" टाकेबाई करवादायच्या.

डोकं त्यांचंही धरायचं. नंबर वाढला असेल म्हणून नवा चष्मा केला, फरक शून्य. बहिणीकडे चार दिवस राहिल्या तेव्हा मात्र अगदी हलकं वाटलं. परत येऊन क्लास सुरू केला आणि पहिल्याच दुपारी उठताना तोल गेला, कपाळ मशीनवर आपटलं. एका मुलीने हाताला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम पुसत विचारलं, "चक्कर तुम्हालाच येते, की आणखी कुणाला?"

"सगळ्यांनाच. आळशी आहेत मेल्या!"

"खोलीत शेगडी असते का?"

"असते. पण धूर अजिबात नसतो हं."

"धूर नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत माणूस बसल्या जागी जातो. आत्ता तिथे कोण आहे?"

टाकेबाई ताडकन उठल्या. "अगो बाई, सहा पोरी!"

सोबतच्या मुलीने तिथूनच फोन लावला, "सगळ्या बाहेर पळा! आवराआवर नको, आधी बाहेर!" एकीला अंगणात उलटी झाली. सगळ्यांना इस्पितळात नेऊन ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत साऱ्या हिंडत्या-फिरत्या झाल्या.

शेगडी ओसरीवर गेली. खिडकीची वरची झडप टाकेबाईंनी सुताराकडून काढूनच टाकली, म्हणजे कुणी लावायला नको. भिंतीवर हा वायू ओळखून कर्कश वाजणारं छोटं यंत्रही आलं. मुलींसमोर त्या म्हणाल्या, "तुम्हाला उगाच बोलले. चुकलं माझं."

मग त्या वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे भाडेकरूंच्या तान्ह्या बाळाच्या पाळण्याखाली शेगडी असायची. बाळाची आजी अडवत होती तरी टाकेबाईंनी शेगडी उचलून बाहेर ठेवली.

"अहो, गारठेल ना लेकरू!"

"नाही गारठणार. दुलई देते शिवून, आजच."

जाताना त्यांनी पाळण्याचं माप घेतलं.