चौथ्या गाण्याचा सातवा फेरा

टेम्पी माझी मावसबहीण. खेकड्यांच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली. उकडलेला खेकडा तिच्या हातात आला की मांस एकीकडे, कवच एकीकडे, आणि नजर खिडकीबाहेरच्या खाजणावर. पण आमच्या सेडर हॅमक गावात तिची ओळख हातांची नाही, गळ्याची. प्रार्थनाघरातल्या फेरात गाणं सोडते ती टेम्पी, आणि ठेका धरतो तो तिचा धाकटा भाऊ शॅड. कागदावर त्याचं नाव इझिकिएल आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही.

जॉर्जियाच्या या किनाऱ्यावर भातखाचरांत राबवायला आणलेल्या गुलामांची आम्ही पणतवंडं. त्यांनी दिलेला फेर आम्ही अजून धरतो. शॅड खुर्चीवर बसतो आणि झाडूचा दांडा लाकडी जमिनीवर आपटतो. त्या ठेक्यावर बाया पाय न उचलता, पायावर पाय न आणता गोल सरकतात. प्रार्थनाघरात घड्याळ नाही. आजोबांनी लावू दिलं नाही, पुढे कुणी लावलं नाही.

टेम्पीच्या घरातल्या पुरुषांचं एक सांगायला हवं. टेम्पीचे वडील त्रेपन्नाव्या वर्षी होडीतच वाकडे होऊन पडले. काका एकोणपन्नासाव्या वर्षी गेला. पुलापलीकडच्या गोऱ्यांनाही हा पक्षाघाताचा झटका येतो, पण बहुतेकांना नातवंडं खेळवून झाल्यावर. आमच्यात मुलं शाळेत असतात. शॅड चोपन्न वर्षांचा होता आणि त्याची धाकटी सहावीत होती. रक्तदाबाच्या गोळ्या त्याच्याकडे होत्या. डोकं जड झालं की एक घ्यायचा, हलकं वाटलं की बाटली फडताळावर. जवळचा दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली होती. त्याला रागावायला डॉक्टरही उरला नव्हता.

त्या शनिवारी प्रार्थनाघराला शंभर वर्षं पूर्ण झाली. परगावची माणसं आली होती, कॅमेरे आले होते. लाल चवळीचा भात, कोळंबी, भेंडी असं जेवण झालं. बेटाकडे जाणाऱ्या दुपारच्या फेरीबोटीचा भोंगा झाला आणि त्याच भोंग्यावर टेम्पीने पहिलं गाणं सोडलं. मी मागे उभा राहून टाळ्यांनी साथ देत होतो. पाचव्या गाण्यात शॅडच्या हातातला दांडा सुटला आणि घरंगळत माझ्या बुटापाशी आला.

"हात झोपला," शॅड हसत म्हणाला. हसू एका बाजूनेच आलं, पण ते नंतर आठवलं.

"रात्री जागून खेकडे धरतोस, मग हातच काय, तूही झोपशील," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

शेजारीच टेम्पीचं घर. त्याला तिथे निजवलं. रक्त वर चढलंय म्हणून म्हाताऱ्या बायांनी व्हिनेगरमध्ये लसूण ठेचून पाजला, कारण चढलेलं रक्त आंबटाने उतरतं असं आमच्यात मानतात. तो झोपला. सगळ्यांना बरं वाटलं. टेम्पी पाहुण्यांना केक वाढत राहिली.

सव्वाचारच्या सुमाराला ती त्याला उठवायला गेली. तिची हाक ऐकून मी धावलो. शॅडचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं. तो काहीतरी सांगत होता, पण शब्द ओल्या कापडातून यावेत तसे येत होते.

रुग्णवाहिका मागवली. आमच्या परगण्यात दोन आहेत, दोन्ही बाहेर गेलेल्या. माझ्या पिकअपमध्ये त्याला मधे बसवलं, टेम्पीने खांद्याने त्याला धरलं. शहर पाऊण तासावर.

हॉस्पिटलच्या खिडकीतल्या बाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "किती घेतलीय यांनी?"

"काय घेतलीय?" टेम्पीने विचारलं.

"दारू."

"बाई, हा चर्चचा डीकन आहे. आमच्याकडे प्रार्थनेलासुद्धा वाइनऐवजी द्राक्षाचा रस देतात. याच्या तोंडाचा वास घ्या. लसूण येईल, दुसरं काही नाही."

"बसा. नाव पुकारतील."

बसलो. भिंतीवर मोठं घड्याळ होतं. पस्तीस मिनिटं त्या काट्याकडे पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्यानंतर आलेला एक गोरा म्हातारा छातीला हात लावून उभा राहिला आणि त्याला लगेच आत नेलं. त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टेम्पी उठली, खिडकीपाशी गेली आणि गाणं सोडायच्या आवाजात म्हणाली, "माझ्या भावाचं डोकं आत मरतंय. तुम्ही बघणार का मी इथेच प्रार्थना सुरू करू?" तिचा आवाज चार भिंतींत मावत नाही. दार उघडलं.

डॉक्टर तरुण मुलगी होती, चपळ, डोळे थकलेले. तिने डोक्याचा फोटो काढून घेतला आणि आमच्याकडे आली. घड्याळात सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती.

"मेंदूत रक्ताची गाठ आहे. ती विरघळवायचं औषध आहे, पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर त्याच औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कागदावर लिहिलंय, झोपेतून उठल्यावर दिसलं, वेळ माहीत नाही. वेळ माहीत नसेल तर मी हे औषध देत नाही. शेवटचे धडधाकट कधी पाहिलेत?"

मी टेम्पीच्या कानाशी वाकलो. "चार सांग. चारला धड होता म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. तसं तिने मला लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"गप, लेम. खोटं बोलून त्याला मारू?" मग डॉक्टरकडे वळून म्हणाली, "चौथ्या गाण्याचा सातवा फेरा. तोवर धड होता."

डॉक्टरने पेन खाली केलं. "मला वेळ हवी आहे, मॅडम."

"तीच सांगतेय. दांडा पाचव्यात पडला, पण ठेका चौथ्यातच वाकला. सातव्या फेऱ्याला. उजव्या हाताचा ठोका मागे पडायला लागला. कुणाला कळलं नाही. मला कळलं." तिने शॅडकडे पाहिलं. "मला कळलं आणि मी गात राहिले. पाहुणे होते. शंभर वर्षांत गाणं मधेच कधी तुटलं नव्हतं."

मी तिच्या मागेच उभा होतो त्या गाण्यात. मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"एक गाणं किती मिनिटांचं?" डॉक्टरने विचारलं.

"मिनिटं माहीत नाहीत. वीस फेरे. मी वीसच देते, कमी नाही, जास्त नाही. दोन गाण्यांच्या मधे पाण्याचा एक घोट आणि कपाळ पुसणं. पहिलं गाणं फेरीबोटीच्या भोंग्यावर सोडलं."

"एक फेरा म्हणून दाखवा."

तिथे, पडद्यांच्या मधे, शॅडच्या खाटेच्या लोखंडी दांडीवर टेम्पीने बोटाच्या सांध्याने ठेका धरला आणि हळू आवाजात एक फेरा गायली. डॉक्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. खाटेवर शॅडचा डावा पाय चादरीखाली हलू लागला, ठेक्यावर. उजवा निपचित होता.

"अर्धं मिनिट," डॉक्टर म्हणाली आणि हातावरच आकडे मांडायला लागली. "सदुसष्ट फेरे, तीन विश्रांती. साधारण सदतीस मिनिटं. भोंगा किती वाजता?"

"दीड," मी म्हणालो.

"म्हणजे दोन वाजून सात. सहा सदतीसला मुदत संपते." सहा चोवीस झाले होते. तिने मान हलवली. "यांचा रक्तदाब दोनशे अठरा आहे. तो एकशे पंच्याऐंशीच्या खाली आल्याशिवाय औषध देताच येत नाही. नर्स, दाब उतरवायचं सुरू करा. बोट नेमकी दीडलाच सुटली कशावरून?"

हे मला सुचलंच नव्हतं. धक्क्यावरच्या सेसिलला फोन लावला. दोनदा नंबर चुकला.

"सेसिल, आज दुपारची बोट किती वाजता सुटली?"

"तुला काय, चढायचं होतं का?" तो हसला. "दहा मिनिटं उशीर. हेस्टर बाई कोंबड्यांच्या खाद्याची पोती गाडीतच विसरली, मग सगळी बोट तिच्यासाठी थांबली. एक चाळीसला भोंगा दिला, वहीत लिहिलंय. का रे?"

मी उत्तर न देता फोन डॉक्टरच्या कानाला लावला. तिने स्वतः विचारून घेतलं आणि कागदावर लिहिलं. नवी मुदत सहा सत्तेचाळीस.

मग उरलं ते यंत्रावरच्या आकड्याकडे बघणं. दोनशे नऊ. दोनशे एक. टेम्पी भावाच्या पायाशी उभी होती, ओठ हलत होते. प्रार्थना की फेरे, मी विचारलं नाही. एकशे चौऱ्याण्णव झाले आणि आकडा तिथेच अडकला. सहा एकोणचाळीस. डॉक्टरने आणखी एक सुई दिली. एकशे नव्वद. शॅडचा डावा हात टेम्पीला शोधत होता, तिने तो घट्ट धरला. एकशे ब्याऐंशी.

"द्या," डॉक्टर म्हणाली. सहा त्रेचाळीस झाले होते.

टेम्पी तेव्हा खाली बसली. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसली.

शॅडची वाचा तिसऱ्या दिवशी बरीचशी परत आली. पहिलं वाक्य त्याने व्हिनेगर पाजणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल काढलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. उजवा हात पुरता आला नाही. खेकड्यांचे पिंजरे आता त्याचा थोरला ओढतो. टेम्पीने गोळ्यांची बाटली स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवली आणि रोज सकाळी त्याच्या अंगणात उभी राहून तो गिळेपर्यंत हलत नाही. डोकं जड असो वा हलकं.

पुढच्या वर्षी पुन्हा फेर धरला. शॅडने दांडा डाव्या हातात घेतला होता. ठेका वेगळा होता, थोडा रुंद, पण पायांना सवय झाली. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर एक ठोका घसरला. टेम्पीने गाणं तोडलं. एकदम, शब्दाच्या मधे. फेर जागच्या जागी थिजला, बायांना पाय कुठे ठेवावेत कळेना.

"काय झालं, सिस?" शॅडने विचारलं.

"हस."

"हात घामाने घसरला गं, दांडा..."

"दात दाखव म्हणते."

त्याने सगळ्या मंडळींसमोर दात दाखवले, दोन्ही बाजूंचे. मग दोन्ही हात खांद्याएवढे वर करून दाखवले, उजवा जेवढा जाईल तेवढा. मग आपणहून जीभही काढून दाखवली, आणि लहान पोरी खिदळल्या.

"झालं समाधान?"

टेम्पीने पाण्याचा घोट घेतला, कपाळ पुसलं, आणि दुसरं गाणं पुन्हा पहिल्या फेऱ्यापासून सोडलं.